धाग्यात जागा ठेवा

गेल्या महिन्यात आमच्या बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब घरी आले. हातात फाईल, फाईलीत बासष्ट कविता. "तुम्ही ते इंटरनेटवर लिहिता ना, तसं मलाही लिहायचंय. कसं सुरू करायचं?" मी चहा टाकला आणि बोलायला लागले. दोन तास झाले तरी माझं आपलं चालूच. शेवटी साहेबच म्हणाले, "बाई, एवढं माझ्या लक्षात राहायचं नाही. लिहून द्या की." म्हणून हे.

माझी पात्रता काय, तर मिरजेत बत्तीस वर्षं कॅश काउंटरवर बसले आणि २०१४ पासून मराठी संस्थळांवर लिहिते. मुलगा पुण्याला नोकरीला गेला, जाताना जुना लॅपटॉप ठेवून गेला, तेव्हापासून. माझं पुस्तक नाही, पुरस्कार नाही. पण माझे काही धागे (धागा म्हणजे लेख आणि त्याखालची चर्चा) लोक अजून वर काढतात, आणि पडले कशी ते मला नीट आठवतं.

पहिली गोष्ट, लगेच लिहू नका. आधी संस्थळांची घरं बघून या. मायबोली १९९६ च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेतून सुरू झाली. आमच्या घरी तेव्हा साध्या फोनचा नंबर लागायचा होता! मग २००४ मध्ये मनोगत, २००७ मध्ये मिसळपाव, २०११ मध्ये ऐसी अक्षरे. प्रत्येकाची चव निराळी. मायबोलीवर परदेशातली मंडळी पुष्कळ. पाककृती, मुलांचे प्रश्न, आजारपणं, गणेशोत्सवातले उपक्रम असा मोठ्या वाड्यासारखा कारभार. मिसळपावला नावाप्रमाणे तर्री. तिथे चेष्टामस्करी सोसायची तयारी हवी. ऐसीवर वाद घालणारी हुशार माणसं. तिथे प्रतिसादांना श्रेणी देतात, 'मार्मिक', 'माहितीपूर्ण' आणि चक्क 'खवचट'. खवचट ही शाबासकी असू शकते हे मला तिथेच कळलं. रहस्यकथा नाहीतर प्रेमकथा भागाभागांनी लिहायची असेल तर प्रतिलिपी या कथांच्या ॲपचा वाचक वेगळा. साहेबांना मी सांगितलं, सगळ्या दारांत एकदम पाय ठेवू नका. एक घर धरा.

मग महिनाभर रोमात राहा. रोमात म्हणजे फक्त वाचायचं, बोलायचं नाही. त्या महिन्यात भाषा कळते. मी ती पायरी गाळली आणि हसं झालं. माझ्या पहिल्या कवितेखाली एकाने लिहिलं, 'पुलेशु'. मला वाटलं पुलंशी काहीतरी संबंध आहे, मोठंच कौतुक दिसतंय. मी दोन ओळींचा नम्र आभारप्रतिसाद दिला, पुलंचं नावही घेतलं. खाली कुणीतरी समजावलं, 'ताई, पुढील लेखनास शुभेच्छा.' तशीच बाकीची मंडळी: पुभाप्र म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत, हेवेसांनल म्हणजे हे वेगळे सांगणे न लगे, ह.घ्या. म्हणजे हलके घ्या. व्यनि म्हणजे व्यक्तिगत निरोप. मायबोलीवर विपू म्हणजे विचारपूस, मिपावर (मिसळपावला मिपा म्हणतात) खव म्हणजे खरडवही. भेटीला एकीकडे गटग म्हणतात, दुसरीकडे कट्टा. पाठ करत बसू नका, आठ दिवस वाचलं की आपोआप जमतं. आणि नुसतं 'पुलेशु' लिहून कुणी निघून गेलं तर समजायचं की त्याने अर्धंच वाचलंय.

आयडी, म्हणजे तिथलं टोपणनाव, विचार करून घ्या, कारण तो चिकटतो. जन्मसाल नको, आडनाव नको, टंकायला अवघड जोडाक्षर नको. आणि त्याची आद्याक्षरं काढून बघा, लोक दोन दिवसांत संक्षेप करतातच. मी मोठ्या हौसेने 'खरजाची तार' घेतला, तंबोऱ्यातली चौथी, सगळ्यांत खालच्या सुराची तार म्हणून. आठवड्यात त्याचं 'खता' झालं, पुढे खताताई. जन्म खात्यात गेला आणि नावाला आलं खत. आता मला ते आवडतं ही गोष्ट वेगळी.

टंकनाचं थोडक्यात सांगते. फोनवर रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा कळफलक सगळ्यांकडे असतो, तो चालतो. फक्त 'दुस-या', 'तिस-या' असं आडवी रेघ मारून लिहू नका. 'ऱ्या' येत नाही म्हणून लोक ती रेघ मारतात आणि वाचणाऱ्याच्या दाताखाली खडा येतो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, रोमनमधून लिहिताना बऱ्याच ठिकाणी मोठा आर लागतो. डीटीपीवाल्याकडून जुन्या फाँटात केलेला मजकूर थेट चिकटवू नका, तिथे नुसती किडामुंगी उमटते. साहेबांच्या बासष्टपैकी चाळीस कविता तशाच आहेत, त्या पुन्हा टंकाव्या लागणार हे ऐकून त्यांचा चेहरा पडला. आणि संस्थळाच्या खिडकीत थेट लिहू नका. मी एकदा अडीच तास लिहिलं, 'प्रकाशित करा' दाबलं, तर लॉगिन संपलेलं. कोरं पान. तेव्हापासून आधी दुसरीकडे लिहिते, मग आणून चिकटवते.

आता मुख्य मुद्दा. माझं पहिलं लेखन पावसावरची सोळा ओळींची कविता होती. वाचनं दोनशे अकरा, माझे आभार आणि ते समजावणं सोडलं तर प्रतिसाद दोन. एक 'छान' आणि एक ते पुलेशु. मी रोज सकाळी देवपूजेच्या आधी जाऊन आकडा बघायची. तिसरा प्रतिसाद काही आला नाही. दुसरी कविता टाकली, तिला एकच. घरात म्हटलं, हे लोक कंपूबाज आहेत, आपापल्या माणसांनाच उचलून धरतात. नवा आलेला प्रत्येक जण पहिल्या दोन महिन्यांत हे म्हणतो. कंपू असतात, नाही कशाला म्हणू? वीस वर्षं रोज बोलणारी माणसं एकमेकांना ओळखणारच. पण माझ्या कवितेत कुणाला काही बोलायला जागाच नव्हती हे खरं कारण होतं. पाऊस आला, मन भिजलं, आठवणी ओथंबल्या. यावर समोरच्याने म्हणावं तरी काय? 'छान' म्हणायचं आणि पुढे जायचं.

तिसऱ्या खेपेला तंबोऱ्याच्या भोपळ्यावर लिहिलं. मिरजेत आमच्या माहेरचं घर सतारमेकर मंडळींच्या गल्लीला लागून. लहानपणापासून दारात भोपळे वाळत पडलेले बघितलेत. पण याचाही पहिला खर्डा मी शाळेतल्या निबंधासारखा केला होता: 'मिरज हे तंतुवाद्यनिर्मितीचे प्रसिद्ध केंद्र असून येथील वाद्यांना देशभरातून मागणी आहे.' मुलाला फोनवर वाचून दाखवला. तो म्हणाला, "आई, हे नगरपालिकेच्या बोर्डावर लिहितात." मला राग आला, पण रात्री परत बसले आणि लिहिलं:

'दुपारी तीनच्या सुमाराला पलीकडून कानस घासल्याचा आवाज यायला लागला की आई म्हणायची, चहा ठेव, काका उठले.'

पुढे फक्त जे डोळ्यांनी बघितलं तेच. वाळलेला भोपळा बोटाने वाजवून बघतात. पाण्यात भिजवून नरम करतात, मग कापून आतल्या बिया आणि जाळी काढतात. तोंड गोल राहावं म्हणून आत काड्यांचा टेकू देतात. आम्ही पोरं त्या बिया खिशात भरून न्यायचो आणि त्याबद्दल ओरडा खायचो. शेवटी लिहिलं की घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली दोऱ्याचा एक तुकडा सरकवतात. तो केसभर पुढे-मागे झाला की आवाज एकदम उघडतो, पण असं का होतं ते मला आजवर कळलेलं नाही.

त्या शेवटच्या वाक्याने धागा पेटला. पुण्यातल्या एका इंजिनिअरने लिहिलं की घोडी सपाट नसून किंचित गोलसर असते. तार थरथरताना तिला पुन्हापुन्हा निसटता स्पर्श करते, दोऱ्याने तो स्पर्श नेमका बसतो आणि वरचे सूर जागे होतात. त्याने आकृतीही काढून टाकली. मंगळवेढ्याकडच्या एकाने सांगितलं की त्याच्या आजोळी हे भोपळे लावायचे, खायच्या उपयोगाचे नाहीत, कडू. न्यू जर्सीतल्या एक बाई विमानातून तंबोरा नेताना काय काय सोसलं ते सांगून गेल्या, गादीत गुंडाळण्यापासून तुटलेल्या खुंटीपर्यंत. एकाने आजोबांकडचे दोन तंबोरे, बायकांसाठीचा लहान आणि पुरुषांचा मोठा, असे शेजारी ठेवून फोटो डकवले. शंभरावा प्रतिसाद पडला तेव्हा कुणीतरी मला शाल आणि श्रीफळाचं चित्र पाठवलं. माझा लेख साडेआठशे शब्दांचा. खाली लोकांनी लिहिलं ते त्याच्या दहापट असेल आणि खरं सांगायचं तर जास्त चांगलं होतं.

म्हणून साहेबांना म्हटलं, छापील मासिकात लेख पुरा करून द्यायचा असतो, इथे थोडा उघडा ठेवायचा. मुद्दाम अर्धवट नव्हे हं. 'तुम्हाला काय वाटतं, प्रतिसादात नक्की सांगा' असं शेपूट तर अजिबात नको, ते जाहिरातीतलं वाटतं. आपल्याला जे खरोखर कळलेलं नाही ते प्रामाणिकपणे लिहायचं. वाचणाऱ्यांत कुणी डॉक्टर असतो, कुणी द्राक्षबागायतदार, कुणी जर्मनीत पूल बांधणारा. त्यांना आपल्या लेखात बसायला पाट लागतो.

"पण माझ्या कवितांचं काय?" साहेब. म्हटलं, तुम्ही चौदा वर्षं कृषी कर्जं बघत होता. शेतावर पाहणीला जायचा, तेव्हा कुणाच्या घरी काय खाल्लं, कोण विहीर दाखवून रडला, कोणी शेजाऱ्याची म्हैस स्वतःची म्हणून दाखवली, ते लिहा. नावं-गावं बदलून. ते म्हणाले, "त्यात काय लिहिण्यासारखं?" सगळे असंच म्हणतात. ज्याला आपण लिहिण्यासारखं समजत नाही तेच बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं. कविता लिहू नका असं नाही. पण पहिलं पाऊल तिने टाकू नका, तिथे गर्दी फार. हात बसेपर्यंत शशक लिहून बघा. शशक म्हणजे शतशब्दकथा, बरोबर शंभर शब्दांत. त्यांच्या स्पर्धा होतात, नव्या माणसालाही वाचक मिळतात आणि एकशे सातवा शब्द कापताना आपण किती फापटपसारा लिहितो ते कळतं.

स्वतः एक लेख टाकायच्या आधी दुसऱ्यांच्या दहा लेखांवर प्रतिसाद द्या, हा माझा हिशोब. कॅशियरची खोड म्हणा, पण जमा असल्याशिवाय उचल मिळत नाही. आणि प्रतिसाद म्हणजे 'मस्त', 'सहमत', '+१' नव्हे. समजा कुणी थालीपीठाची पाककृती टाकली. 'तोंपासु' लिहिणारे वीस जण असतात, तोंडाला पाणी सुटलं एवढंच. त्याऐवजी करून बघा आणि लिहा: 'काल केलं. माझ्या भाजणीत बाजरी जास्त झाली म्हणून कडा फाटत होत्या, ओल्या फडक्यावर थापलं तेव्हा जमलं.' त्या बाईंना तुम्ही जन्मभर आठवाल. पुढे तुमचा धागा आला की पहिली त्याच उघडतील. हे काही डावपेच म्हणून करू नका. आवडलं नाही तर गप्प राहा, खोटी स्तुती इथे लगेच ओळखू येते.

आपल्या धाग्यावर आलेल्यांना उत्तर द्या, शक्यतो त्याच दिवशी. पण प्रत्येकाला वेगवेगळं 'धन्यवाद' नको. यादीत ताजा प्रतिसाद आलेला धागा वर येतो हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे बारा सुटे धन्यवाद टाकले की लोक ओळखतात, हा धागा वर काढतोय. चार-पाच जणांना एकत्र उत्तर द्या, ज्याने प्रश्न विचारला त्याला नावाने.

वेळेचंही गणित आहे. शनिवार-रविवारी संस्थळं ओस पडतात. मराठी माणूस ऑफिसात बसून वाचतो, सुट्टीला भाजी आणायला जातो. माझा अनुभव असा की सोमवार ते गुरुवार दुपारच्या जेवणाआधी टाकलेलं लेखन इथले लोक वाचतात आणि रात्री आपण झोपायच्या तयारीत असताना अमेरिकेतली मंडळी उघडतात. सकाळी उठून बघावं तर धागा भलतीकडेच गेलेला असतो. माझा भोपळा एका रात्रीत विमानाच्या सामानाच्या नियमांवर पोचला होता. अवांतर होतं ते होऊ द्या. गप्पा आहेत त्या, सभेचं इतिवृत्त नव्हे.

आता माझी चूक सांगते, कारण तशी सगळ्यांकडून होते. भोपळ्याच्या लेखात मी ठोकून दिलं होतं की किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांचा जन्म मिरजेचा. लहानपणापासून दर्ग्यातला उरूस आणि त्यांच्या आठवणीत होणारं गाणं ऐकलेलं, त्यामुळे ते आमचेच असा पक्का समज. तीस-चाळीस प्रतिसादांनंतर एका जुन्या आयडीने लिहिलं: 'ताई, खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तरेतल्या कैरान्याचा. म्हणून तर घराणं किराणा. मिरजेला ते नंतर राहिले. बाकी लेख उत्तम.' किती सभ्य भाषा! पण मला झोंबलं. आपल्याच गावाबद्दल बाहेरचा माणूस आपल्याला शिकवतो, हे काही पचेना. मी काय केलं, तर गुपचूप लेख उघडला, 'जन्म' खोडून 'वास्तव्य' केलं आणि बंद केला. त्यांच्या प्रतिसादाला उत्तर नाही. आता नवीन येणाऱ्याला दिसायचं की लेखात बरोबर लिहिलंय आणि हा माणूस उगाच चूक काढतोय. एक-दोघांनी त्यांना तसं सुनावलंही. तेव्हा त्यांनी माझं मूळ वाक्य जसंच्या तसं डकवलं. लोकांकडे सगळं असतं, कुणीतरी जपून ठेवलेलंच असतं.

पुढचे दोन दिवस मी संस्थळ उघडलं नाही. काउंटरवर पाचशेची नोट जास्त गेली आणि संध्याकाळी हिशोब लागेना की जसं पोटात गोळा येतो, तसं झालं. तिसऱ्या दिवशी लिहिलं, 'चूक माझी होती. दुरुस्त केली, पण सांगितलं नाही, ही दुसरी चूक.' लेखाच्या खाली तळटीप टाकली आणि त्यांचा आयडी लिहून आभार मानले. त्यांचं उत्तर आलं, 'हेवेसांनल. तुमच्या गल्लीत एकदा यायचंय.' पुढे ते खरंच आले. आमच्या ओट्यावर बसून चहा-पोहे झाले आणि मग आम्ही दोघं तंबोऱ्याच्या दुकानात दोन तास. तर दुरुस्ती उघडपणे करा. काही संस्थळांवर लेख आपला आपल्याला बदलता येतो, काही ठिकाणी संपादकांना व्यनि करावा लागतो. दोन्हीकडे काय बदललं ते खाली एका ओळीत सांगायचं.

सभ्यपणे चूक दाखवणारा आणि काडी टाकणारा, यांत फरक करायला शिका. काडी टाकणाऱ्याला तुमच्या लेखाशी देणंघेणं नसतं. भोपळ्याच्या धाग्यावरही एक जण आला आणि वाद्यं बनवणाऱ्यांच्या धर्मावरून काहीबाही लिहून गेला. माझी बोटं शिवशिवत होती. एका जुन्या सदस्य बाईंचा व्यनि आला, 'उत्तर देऊ नका, संपादकांना कळवा. खायला मिळालं नाही की जातो.' संध्याकाळपर्यंत प्रतिसाद उडाला होता. राजकारणाच्या धाग्यांवर नव्याने जाऊच नका. वर्षभर तरी लांबून पॉपकॉर्न खा. तिथे जुनी भांडणं चालू असतात, तुम्हाला मागचा इतिहास ठाऊक नसतो, आणि पहिल्याच आठवड्यात तुमच्या आयडीवर कुठल्यातरी बाजूचा शिक्का बसतो. मग तुम्ही भरल्या वांग्याची कृती टाकली तरी लोक त्यात पक्ष शोधतात.

डुआयडी काढू नका. म्हणजे स्वतःच दुसऱ्या नावाने येऊन स्वतःच्या लेखाची वाहवा करणं. वाटतं कुणाला कळणार? भाषेवरून कळतं. माझ्या ओळखीतल्या एकांना प्रत्येक वाक्यात 'एकंदरीत' लिहायची सवय. त्यांच्या नव्या चाहत्यालाही तीच. चार दिवसांत बिंग फुटलं, आणि माणूस चांगला लिहिणारा, तरी गेला तो गेलाच.

'क्रमशः' लिहायच्या आधी पुढचे सगळे भाग हातात असू द्या. हे मी कुठल्या तोंडाने सांगते? माझी नोटाबंदीच्या दिवसांतली काउंटरवरची मालिका तिसऱ्या भागावर अडकून पडली आहे. ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र झाली, दुसऱ्या दिवशी बँका बंद, दहा तारखेची सकाळ आणि दारातली रांग इथपर्यंत लिहिलं, पुढे सासूबाईंचं आजारपण आलं. अजूनही दर आठ नोव्हेंबरला कुणीतरी येऊन लिहितं, 'खताताई, रांग पुढे सरकली का?'

लेख चोरीला जातो, त्याची तयारी ठेवा. भोपळा फिरत फिरत एक दिवस माझ्याच जावेने मला व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली 'लेखक अज्ञात' आणि तीन फुलं. वर तिचा शेरा, 'वाचा, किती सुंदर लिहिलंय, तुम्हाला असं जमायला हवं.' मी तिला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "छे, यात आई चहा ठेव म्हणते, तुमच्या आई तर कॉफी घ्यायच्या." चहा आम्ही काकांसाठी ठेवायचो, हे तिला कुठून ठाऊक! तर नाव फक्त शेवटी लिहू नका, ते पहिल्यांदा कापलं जातं. मधल्या एखाद्या वाक्यात स्वतःला असं विणा की काढलं तर वाक्य मोडेल. तरी जाणारं जातंच. उलट दिशेनेही हीच शिस्त: फोटो गुगलवरून उचलून आपला म्हणून टाकायचा नाही. भोपळ्याचे फोटो मी कारागिरांना विचारून काढले. एका काकांनी सांगितलं, "माझा चेहरा नको, हात घ्या." हातांचाच फोटो लोकांना जास्त आवडला.

घरातल्या माणसांबद्दल लिहिताना त्यांना आधी वाचून दाखवा. नवऱ्याच्या घोरण्यावर मी एक हलकाफुलका लेख लिहिला होता. पुढे त्यांच्या ऑफिसातला एक जण रोमातला वाचक निघाला. एवढंच सांगते.

एक-दोन वर्षं झाली की कट्ट्याला नाहीतर गटगला जाऊन या. मी पहिल्यांदा पुण्याला गेले तेव्हा पोटात फुलपाखरं नव्हे, चांगले बेडूक उड्या मारत होते. दुपारची वेळ, माणसांनी भरलेलं हॉटेल आणि परतीची गाडी ठरलेली, एवढं बघून गेले, आणि बायकांनी एवढं बघावंच. धाग्यावर तलवार घेऊन फिरणारा एक आयडी प्रत्यक्षात इतका लाजाळू निघाला की पूर्ण वेळ साबुदाणावड्याकडे बघत बसला होता. तेव्हापासून त्याचे तिरकस प्रतिसाद आले की मला तो वडाच दिसतो आणि राग येत नाही.

साहेबांनी परवा पहिला लेख टाकला. म्हशीचा. मथळा मात्र त्यांनी हट्टाने 'ग्रामीण पतपुरवठ्यातील काही अनुभव' ठेवलाय. सात प्रतिसाद आलेत. आज सकाळी त्यांचा फोन, "कुणीतरी विचारलंय, म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर तपासला नव्हता का? काय लिहू?" म्हटलं, नव्हता तपासला तर तसं लिहा. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तपासला होता. शेजाऱ्याने बिल्लाही उसना दिला होता." अहो, मग हे लेखात का नाही?

माझ्याही भोपळ्याच्या धाग्यावर काल रात्री नवा प्रतिसाद आलाय, इतक्या वर्षांनी. नाशिकची कुणी मुलगी आहे. आजीचा तंबोरा माळ्यावरून काढला, भोपळ्याला वीतभर चीर गेली आहे, भोपळा बदलावा लागेल की चीर सांधून मिळेल, आणि सांधली तर आवाजात फरक पडेल का, असं विचारते. फोटोही टाकलाय. मला काही सांगता येईना. आता ऊन उतरलं की गल्लीत जाते, काकांच्या मुलाला फोटो दाखवते, तो काय म्हणतो ते तिला लिहिते.